शेअर बाजार, घरचा संगणक आणि एक जुनी बॅटरी

पनवेलला टपाल नाक्याकडे आमच्या ओळखीतली तरुण मुले हल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, शेअरच्या खरेदी-विक्रीसाठी संगणक जुळवायचाय. प्रोसेसर कुठला घेऊ?" मी उलट विचारतो, "यूपीएस कुठला घेणार ते आधी सांग." मुले हसतात. म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देतात. पण माझ्या प्रश्नामागे बाजाराचा इतिहास आहे आणि थोडा माझाही.

मुंबईचा शेअर बाजार सुरू झाला तो कुठल्याही यंत्राविना. १८५० च्या दशकात दलाल मंडळी टाउन हॉलसमोर वडाच्या झाडाखाली जमत. १८७५ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली. पुढची एकशेवीस वर्षे सौदे झाले ते तोंडाने. दलाल स्ट्रीटवरच्या रिंगमध्ये ओरडून भाव सांगायचा, हाताने खुणा करायच्या, सौदा चिठ्ठीवर टिपायचा. पनवेलच्या माणसाने दलालाला फोन करायचा आणि आपला माल कोणत्या भावाला गेला, ते संध्याकाळी ऐकून घ्यायचे. दलालाने सांगितलेला भाव खरा की खोटा, हे ताडून पाहण्याची सोय नव्हती.

१९९२ च्या रोखे घोटाळ्यानंतर हे बदलायला हवे, हे सगळ्यांना पटले. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने शेअरचे व्यवहार थेट संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. गच्चीवर उपग्रहाची छत्री बसवली की दूरच्या गावातला दलालही मुंबईच्या दलालाच्या बरोबरीला आला. १४ मार्च १९९५ रोजी मुंबई शेअर बाजाराची 'बोल्ट' प्रणाली आली आणि रिंगमधला आरडाओरडा शांत होत गेला. १९९६ मध्ये डिपॉझिटरीचा कायदा झाला, कागदी प्रमाणपत्रे मागे पडू लागली. २००० मध्ये इंटरनेटवरून सौद्यांना परवानगी मिळाली आणि बाजार घरात आला.

पडद्यावरच्या बाजाराचा नियम सोपा आहे. ज्याचा भाव चांगला, त्याचा नंबर आधी. भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी पोचली, तो पुढे. हे ऐकले की कोणालाही वाटते, आपला संगणक जितका वेगवान तितका आपला नंबर पुढे. मलाही तसेच वाटले.

२००३ मध्ये मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पेंटियम फोर प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, दोन पडदे जोडता येतील असे ग्राफिक्स कार्ड आणि सतरा इंचांचे दोन अवजड मॉनिटर घेतले. टॅक्सीने व्हीटीला आलो आणि खोकी सांभाळत हार्बर लोकलने पनवेल गाठले. एका पडद्यावर भाव, दुसऱ्यावर आलेख. घरात कौतुक झाले. पैसे संपले म्हणून यूपीएस मात्र शेजाऱ्यांकडचा जुना आणला.

त्यातला हिशेब मी नंतर शिकलो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॉट-तास. दोन मॉनिटर आणि संगणक मिळून अडीचशे वॉट ओढत असतील, तर नवी बॅटरीही दहा-पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाही. माझी तर जुनी होती.

१७ मे २००४, सोमवार. केंद्रातली सत्ता बदलली होती आणि बाजार सकाळपासून कोसळत होता. त्या दिवशी व्यवहार दोनदा थांबवावे लागले. माझ्या खात्यात वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतले शेअर होते. ऐन घसरणीत आमच्या आळीची वीज गेली. यूपीएस दोन मिनिटे ओरडला आणि गप्प झाला. गंमत म्हणजे टेलिफोन चालू होता, कारण तांब्याच्या तारेला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. पण मॉडेम बंद आणि दलालाचा फोन सतत एंगेज. अंधाऱ्या पडद्यासमोर बसून मी मनातल्या मनात बाजार आणखी खाली नेत राहिलो. वीज आली तेव्हा घाबरून मिळेल त्या भावाला सगळे विकून टाकले. सेन्सेक्स ५६४ अंक खाली बंद झाला. दुसऱ्या दिवशी तो ३७० हून अधिक अंकांनी वर आला. वडील एवढेच म्हणाले, "घाई झाली."

माझा वेगवान प्रोसेसर त्या दिवशी काय कामाचा होता? चालू असता तरी फरक पडला नसता. आपली ऑर्डर घरातून निघते, दलालाच्या सर्व्हरवर तपासली जाते, मग बाजारात पोचते. वेळ जातो तो या वाटेवर. २००९ पासून तर राष्ट्रीय शेअर बाजाराने मोठ्या खेळाडूंचे संगणक आपल्याच इमारतीत ठेवण्याची सोय केली. वेगाची शर्यत घरच्या माणसासाठी तिथेच संपली.

म्हणून मुलांना सांगतो. प्रोसेसर मध्यम घ्या, रॅम १६ जीबी पुरे, डिस्क एसएसडी, एसएमपीएस चांगल्या प्रतीचा. उरलेले पैसे यूपीएसवर घाला आणि राउटरही त्यालाच जोडा, कारण फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. मोबाइलचे इंटरनेट दुसऱ्या कंपनीचे ठेवा. दलालाचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचाराच्या जोडण्या बिघडल्याने खुद्द राष्ट्रीय शेअर बाजार काही तास बंद पडला होता, तिथे आपली काय कथा!

आणि सर्वांत शेवटी सेबीचा २०२४ चा अहवाल वाचायला देतो. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. त्यातल्या कितीतरी जणांकडे माझ्यापेक्षा चांगले संगणक असतील.

मी आता फारसे सौदे करत नाही. पण यूपीएसची बॅटरी दर दोन वर्षांनी बदलतो आणि बदलल्याची तारीख तिच्यावर मार्करने लिहून ठेवतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)