फाशांतून घडणारा अवकाशयात्री
‘ट्रॅव्हलर’ या भूमिकाखेळासाठी पात्र कसे निवडावे?

‘रोल-प्लेइंग गेम’ अर्थात भूमिकाखेळाला पट लागत नाही आणि संगणकही लागत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांच्यातला एक सूत्रधार होतो. तो जग उभे करतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या प्रसंगात आपले पात्र काय करील ते बोलून दाखवतात. निकालाची खात्री नसेल तिथे फासे टाकले जातात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला आणि या खेळप्रकाराचा पाया घातला गेला. ते जग तलवारी, मंत्र आणि राक्षसांचे होते. तीनच वर्षांनी, १९७७ मध्ये, इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावच्या ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ने मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ बाजारात आणला. काळ्या मुखपृष्ठाच्या तीन छोट्या पुस्तिका आणि साधे सहा बाजूंचे फासे एवढीच त्याची सामग्री होती. विज्ञानकथेवर बेतलेला हा पहिला खेळ नव्हे. जेम्स वॉर्ड यांचा ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’ १९७६ मध्येच आला होता. परंतु पात्र निवडण्याचा प्रश्न ‘ट्रॅव्हलर’ने ज्या पद्धतीने सोडवला, तिला आजही तोड नाही.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. जादूच्या जगात योद्धा, मांत्रिक, चोर असे ठरलेले साचे असतात. एक उचलला की काम झाले. अवकाशयुगातल्या माणसाला असा साचा नाही. त्या जगात वैमानिक असतात तसे कारकूनही असतात आणि स्वयंपाकी, तस्कर, निवृत्त सुभेदार, दिवाळखोर सरदारही असतात. नवखा खेळाडू मग आवडत्या चित्रपटाचा नायक मनात धरून येतो: उत्तम नेमबाज, निष्णात वैमानिक, एकलकोंडा, कोणाचे न ऐकणारा. अशी चार एकलकोंडी पात्रे एका टेबलाशी जमली की सूत्रधाराची संध्याकाळ त्यांना एका जहाजात बसवण्यातच संपते.

मिलर यांनी यावर उलटा उपाय योजला. पात्राची कल्पना आधी पक्की करायची नाही. त्याचे पूर्वायुष्य आधी जगून घ्यायचे. दोन फाशांच्या बेरजेने बळ, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि सामाजिक प्रतिष्ठा हे सहा गुणांक ठरतात. पात्र अठरा वर्षांचे असते. ते नौदल, मरीन, लष्कर, स्काउट म्हणजे शोधपथक, व्यापारी सेवा किंवा नुसतेच ‘इतर’ यांपैकी एका ठिकाणी भरतीसाठी जाते. तिथे नाकारले गेले तर सक्तीची भरती होते आणि सेवा कोणती ते एका फाशाचे दान ठरवते. पुढे चार-चार वर्षांचे कार्यकाळ सुरू होतात. प्रत्येक कार्यकाळात कौशल्ये मिळतात, कधी हुद्दा मिळतो. पण त्याआधी जगण्याचे दान टाकावे लागते आणि मूळ नियमांनुसार ते फसले तर पात्र मरते, खेळ सुरू होण्यापूर्वीच.

या नियमाची पुष्कळ चेष्टा झाली आहे. ती पूर्णपणे रास्त आहे असे मला वाटत नाही. ‘ट्रॅव्हलर’मध्ये प्रत्यक्ष खेळ सुरू झाल्यावर नवे कौशल्य पदरात पडणे फार कठीण असते, जी काही पुंजी असेल ती मागच्या आयुष्यातली. साहजिकच ‘आणखी चार वर्षे काढू’ असा मोह होतो. त्या मोहाला किंमत नसती तर प्रत्येक पात्र सर्वगुणसंपन्न होऊन बाहेर पडले असते. आकडे पाहा. स्काउट सेवेत जगण्यासाठी दोन फाशांची बेरीज ७ किंवा अधिक यावी लागते. दम ९ किंवा त्याहून जास्त असेल तरच सवलत आहे. ३६ पैकी २१ शक्यता अनुकूल, म्हणजे एका कार्यकाळात जगण्याचा संभव ५८ टक्के. दोन कार्यकाळ पार करणारे शंभरात ३४ आणि चार पार करणारे जेमतेम १२. याउलट व्यापारी सेवेत बुद्धी ७ किंवा अधिक असलेला माणूस ३६ पैकी एकाच दानाला दगावतो. चौतिसाव्या वर्षापासून वयाचा हिशेबही सुरू होतो. बळ, चपळाई आणि दम ओसरू लागतात. तेव्हा स्काउट असलेल्या चाळिशीच्या पात्राकडे पाहिले की त्याच्यामागे किती सहकारी राहून गेले असतील हे वेगळे सांगावे लागत नाही. पात्राची अर्धी कल्पना तिथेच तयार होते.

उरलेली अर्धी खेळाडूने आकड्यांतून वाचून काढायची असते. उदाहरणच घेऊ. समजा फाशांनी बळ ५, चपळाई ९, दम ६, बुद्धी ८, शिक्षण ४ आणि प्रतिष्ठा १० असे गुणांक दिले. नायक शोधणारा खेळाडू ही चिठ्ठी पाहून हिरमुसेल. पण जरा थांबून वाचले तर इथे एक माणूस दिसू लागतो. प्रतिष्ठा ११ झाली की सरदारी पदवी मिळते, म्हणजे हा त्या उंबरठ्यावरच्या घराण्यातला. बुद्धी चांगली, तरी शिक्षण ४? खानदानी घरातला हुशार मुलगा अशिक्षित का राहिला? घराचा पैसा गेला, की मुलगाच घराबाहेर गेला? तो नौदलात भरतीला जातो, दान कमी पडते आणि सक्तीच्या भरतीत त्याला व्यापारी सेवा मिळते. पहिल्या चार वर्षांत कौशल्याचे दान दोनदा पडते आणि दोन्ही वेळा येते ‘स्टुअर्ड’, म्हणजे श्रीमंत प्रवाशांच्या सरबराईचे काम. ज्यांच्या पंक्तीला बसायचे त्यांनाच वाढायची पाळी! दुसऱ्या कार्यकाळात अधिकाऱ्याचा सर्वांत खालचा हुद्दा मिळतो, लाचलुचपतीची कला आणि वैद्यकाची प्राथमिक पातळी हाती येते. तिसऱ्यात रस्त्यावरचे शहाणपण येते. तिसाव्या वर्षी तो सेवा सोडतो.

इथे कोणताही खेळाडू आधीपासून ठरवून ‘लाच देण्यात वाकबगार, जखमा बांधणारा खानदानी वाढपी’ असे पात्र निवडणार नाही. तरीही हे पात्र जिवंत आहे, कारण त्याच्या प्रत्येक कौशल्यामागे एक ‘का?’ उभा आहे. सर्व प्रश्नांची उत्तरे पहिल्याच दिवशी लिहून काढण्याची गरज नाही. घरचा पैसा कोणी बुडवला हे सूत्रधारावर सोडले तर पुढल्या सहा महिन्यांची बेगमी होते. पंधरा पानांचे आत्मचरित्र लिहून आणणारा खेळाडू मात्र सूत्रधाराच्या हातचे कामच काढून घेतो.

एक गोष्ट खेळाडूने स्वतःच पुरवली पाहिजे: हा माणूस इतरांबरोबर एका जहाजात का आहे? ‘ट्रॅव्हलर’चे जग इथे मदतीला येते. या विश्वात जहाजापेक्षा वेगाने संदेश जाऊ शकत नाही आणि एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे घेतलेल्या प्रत्येक झेपेला सुमारे एक आठवडा लागतो. घरच्या पत्राचे उत्तर यायला महिने जातात. वरिष्ठांना विचारून निर्णय घ्यायची सोय नाही. शिडाच्या जहाजांच्या काळासारखी जहाजावरची माणसे हाच एकमेकांचा आधार. त्यात जहाज बहुधा कर्जाचे. किमतीचा पाचवा हिस्सा आधी भरायचा, नंतर रोख किमतीचा २४०वा भाग दरमहा आणि असे हप्ते ४८०. घरकर्ज फेडणाऱ्या वाचकांना यातला ताण समजावून सांगायला नको. शिवाय दोनशे टनी व्यापारी जहाजाला वैमानिक, अभियंता आणि वैद्यक जाणणारा कोणीतरी लागतोच. म्हणून आपल्या गटात कोणती जागा रिकामी आहे ते आधी पाहावे आणि शक्य तेव्हा त्या दिशेने कौशल्याचे कोष्टक निवडावे. पाच नेमबाजांच्या जहाजाला झेप घेता येत नाही. मुंगूस प्रकाशनाने, म्हणजे ‘मॉन्गूज पब्लिशिंग’ने, २००८ च्या आवृत्तीत मृत्यूऐवजी अपघात व हकालपट्टी आणली, हे एकवेळ बाजूला ठेवू, पण त्याच आवृत्तीतला आणखी एक नियम खरा उपयोगी आहे. दोन खेळाडूंनी आपल्या पात्रांचे पूर्वायुष्य एखाद्या घटनेत जोडले तर दोघांनाही एकेक कौशल्य जादा मिळते. जुन्या आवृत्तीने खेळणाऱ्यांनीही हा नियम उसना घ्यावा.

फासे नकोच असतील तर इतर मार्ग आहेत. ‘गर्प्स’ या १९८६ च्या खेळात ठरावीक गुण खर्चून हवे ते पात्र विकत घेता येते. १९८७ च्या ‘स्टार वॉर्स’ खेळात तयार नमुने मिळतात. वेळ कमी असेल तेव्हा ते ठीकच. पण त्यात आपल्याला जे आधीच सुचलेले असते तेवढेच हाती लागते.

आपल्या वाढप्याकडे परत येऊ. सेवा सोडताना प्रत्येक पात्राला काही लाभ मिळतात: रोख रक्कम, शस्त्र, प्रवासाचे तिकीट. स्काउटला नशिबाने जहाजही मिळते, पण ते सेवेच्याच मालकीचे आणि बोलावणे आले की हजर व्हायचे या बोलीवर. वाढप्याला थोडी रोकड आणि एक ‘लो पॅसेज’ मिळाला असे धरू. हे शीतनिद्रेचे तिकीट. ई. सी. टब यांच्या ड्युमारेस्ट कादंबऱ्यांतून ही कल्पना खेळात आली. प्रवाशाला गोठवून तळघरात ठेवतात आणि उतरल्यावर जागे करतात. जागे होण्यासाठी ५ किंवा अधिक दान लागते; सहातला एक उठत नाही. देखरेखीला वैद्यकाची दुसरी पातळी असलेला माणूस असेल तर एक गुण मिळतो. आपल्या माणसाची पातळी पहिलीच. म्हणजे वरच्या मजल्यावर ताटे वाढून झाली की हाच खाली जाऊन पेट्या उघडत असणार आणि त्यातल्या काही प्रवाशांसाठी त्याचे ज्ञान पुरे पडले नसणार. त्याचा स्वतःचा दम ६ आहे आणि ज्यांचा दम ६ किंवा कमी त्यांच्या दानातून एक वजा होतो. त्याच्यासाठी न उठण्याची शक्यता ३६ पैकी १० ठरते. हा हिशेब त्याला तोंडपाठ आहे. तिकीट खिशात आहे, घर अनेक झेपांवर आहे आणि समोरच्या बंदरात एका कर्जबाजारी जहाजाला वाढपी हवा आहे.