हिमटोपीची हकीकत

कर्करोगावरील जहाल औषधें सुरू झालीं कीं रोग्याचे केस जातात, ही गोष्ट आतां घरोघर ठाऊक आहे. ‘केस परत येतील, जीव सांभाळा’ असा पोक्त उपदेश डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सर्वजण करतात. उपदेश खोटा नाहीं. परंतु या एका वाक्यानें केवढा काळ खाऊन टाकला, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें थंड टोपीचा इतिहास चाळावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.

या औषधांचा दोष असा कीं, त्यांना शत्रु ओळखतां येत नाहीं. वेग तेवढा ओळखतां येतो. जी पेशी झपाट्यानें दुणावते तिच्यावर तीं तुटून पडतात, आणि केसांच्या मुळांतील पेशी तशाच उतावळ्या असतात. डोक्यावरील दहांपैकीं आठनऊ केस कोणत्याही क्षणीं वाढीस लागलेले असतात. म्हणून औषध अंगांत भिनल्यावर दोनतीन आठवड्यांत उशीवर, फणींत, न्हाणीघरांत केसांचे पुंजके दिसूं लागतात. यावर 1960 नंतरच्या दशकांत जो पहिला उपाय निघाला तो रांगडाच होता: इंजेक्शनाच्या वेळीं डोक्याभोंवतीं पट्टा आवळावयाचा, म्हणजे रक्तही वर जाणार नाहीं व औषधही जाणार नाहीं. थंडीची युक्ति त्याहून सौम्य. गारठ्यानें शिरा आकसतात, मुळांशीं औषध कमी पोंचतें, आणि जें पोंचतें तें आळसावलेल्या पेशी फारसें शोषून घेत नाहींत.

अॅड्रियामायसिन नांवाचें औषध त्याच दशकांत इटलींत निघालें. कास्तेल देल मॉन्ते या जुन्या किल्ल्यानजीकच्या मातींत सांपडलेल्या जंतूच्या कुळांतून तें निपजलें, आणि जवळच्या अॅड्रियाटिक समुद्रावरून त्याचें नांव पडलें. गुण मोठा; पण त्यानें केस हटकून जात. अमेरिकेंतील ॲरिझोना विद्यापीठांत डीन, सामन व ग्रिफिथ यांनीं रोग्यांच्या डोक्यावर बर्फाच्या पिशव्या बांधल्या, आणि पुष्कळांचे केस वांचले असें 1979 सालीं प्रसिद्ध केलें. यापुढें काम झपाट्यानें चालावयास पाहिजे होतें. झालें उलटेंच. डोक्याची कातडी थंड ठेवल्यास तेथें एखादी कर्कपेशी औषधापासून लपून राहील कीं काय, ही शंका निघाली, व पुरेसा पुरावा नाहीं म्हणून अमेरिकन सरकारच्या औषधखात्यानें 1990 सालीं या टोप्यांची विक्री थांबविली.

शंका रास्त होती, हें आम्ही मोकळेपणें म्हणतों. परंतु पुरावा नसेल तर तो मिळवावा, हें काम त्या देशांत वर्षानुवर्षें तसेंच पडून राहिलें. तें केसांऐवजीं यकृताचें असतें तर पडून राहिलें असतें काय? पुढें 2015 सालीं कॅनडांतील क्विबेकच्या शेंकडों स्त्रियांचा हिशेब मांडला गेला, आणि टोपी घातलेल्यांच्या व न घातलेल्यांच्या आयुर्मानांत फरक आढळला नाहीं.

दरम्यान काम पुढें नेलें तें दुसऱ्याच माणसांनीं. यॉर्कशायरमधील हडर्सफील्डचे पॅक्समन घराणें बिअर थंड करण्याचीं यंत्रें बनवीत असे. त्यांपैकीं ग्लेन पॅक्समन यांच्या पत्नीचे केस टोपी घालूनही गेले. गोठविलेली टोपी डोक्यावर तापते, हा तिचा दोष या धंदेवाइकास कळला. त्यांनीं थंड द्रव सतत खेळविणारें यंत्र रचलें, व तें 1997 सालीं त्या गांवच्या रुग्णालयांत बसलें. स्वीडनांत लुंद येथील इव्हॉन ओलोफसन या परिचारिकेनें असेंच यंत्र योजिलें. अमेरिकेनें परवानगी दिली ती प्रथम त्यास, डिसेंबर 2015 मध्यें. दोन वर्षांनीं तेथील एका चांचणींत टोपी घातलेल्या 95 स्त्रियांपैकीं 48 जणींचे निम्म्याहून अधिक केस टिकले. न घातलेल्या 47 जणींत एकीचेही नाहींत.

आम्हां मराठी लोकांस तरी केसांची गोष्ट क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार नाहीं. विधवेचें डोकें भादरून तिची दशा चव्हाट्यावर मांडणारा समाज आपलाच. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेनें, तें काम करणार नाहीं असें 1890 सालीं मुंबईंत ठरविणारे न्हावीही आपलेच. कर्करोगाच्या रोगिणीचें दुःख याच जातीचें आहे. दुखणें कोणास सांगावें व कोणास नाहीं हें तिनें ठरवावयाचें. परंतु बोडकें डोकें तिला न विचारतां आळीभर सांगून येतें.

त्याच मुंबईंत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत (स्थापना 1941) ही चांचणी झाली व 2020 सालीं तिचा निकाल छापला गेला. टोपी घातलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचे केस राहिले, दुसऱ्या गटांत कोणाचेच राहिले नाहींत.

तथापि टोपी सर्वांस नाहीं. रक्ताच्या कर्करोगांत ती वर्ज्य, कारण तेथें औषध सर्वत्र पोंचलेंच पाहिजे. अॅड्रियामायसिनच्या वर्गापुढें ती पुष्कळदां हरते, टॅक्सेनपुढें अधिक टिकते. केस ओले करून औषधाच्या अर्धा तास आधीं ती चढवावी लागते. पहिलीं कांहीं मिनिटें डोकें ठणकतें. आणि औषध संपल्यावरही तास-दीड तास ती उतरवीत नाहींत. तेवढा वेळ एक खुर्ची अडकते, आणि परळला त्या खुर्चीसाठीं बाहेर रांग उभी असते.