हरल्यावर काय लावायचं? : १९५२ची मुंबई, जलसे आणि एक कॅसेट

हे व्याख्यान आमच्या वाचन-गटातल्या पाच जणांनी मिळून तयार केलं आहे. बोलायला एकजण उभा असला तरी 'आम्ही' म्हणतोय, ते त्यामुळे.

सुरुवात एका घरच्या गोष्टीनं करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात निवडणूक झाली. एका उमेदवारासाठी आम्ही दीड महिना जिने चढलो, मतदारयाद्या तपासल्या, चिठ्ठ्या वाटल्या. उमेदवार कोण, पक्ष कुठला, हे आज सांगत नाही. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी त्यांच्याविरुद्धच मत दिलं असेल. (हशा) मतमोजणीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत सगळं संपलं. बूथवर बसलेली मुलं एकेक करून निघून गेली, जाताना कुणी 'येतो' म्हणालं नाही.

त्या रात्री आमच्यापैकी एकानं गाण्यांची यादी करायला घेतली. शनिवारी सगळे भेटतील तेव्हा लावू, म्हणून. पंचवीस गाणी जमली आणि पंचवीसच्या पंचवीस उदास. शनिवारी लावली. चौथ्या गाण्याला एक मुलगी पर्स उचलून निघून गेली. सातव्याला कुणीतरी आवाज बारीक केला. मग उरलेला वेळ एकाच विषयावर गेला: कोणामुळे हरलो. पुढच्या बैठकीला तिघं आलीच नाहीत.

मन हलकं व्हावं म्हणून केलेली यादी उलटीच पडली होती. का पडली, हे शोधताना आम्ही इतिहासात शिरलो. प्रश्न साधा होता. आपल्याकडे याआधी जी माणसं निवडणुका हरली, आणि आमच्यापेक्षा कितीतरी मोठं काही हरली, ती त्यानंतर काय गात होती? कुठल्या क्रमानं गात होती?

पहिलं उदाहरण जानेवारी १९५२चं. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई शहर उत्तर या मतदारसंघातून लोकसभेला उभे होते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून आदल्याच वर्षी त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं चिन्ह होतं हत्ती, आणि फेडरेशननं समाजवादी पक्षाशी युती केली होती.

मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. आज ऐकताना सोपं वाटतं. त्या वेळी मात्र लाखो माणसं आयुष्यात पहिल्यांदा मत देत होती. पेट्या प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या, त्यांवर चिन्ह चिकटवलेलं, आणि मतपत्रिका नुसती त्या पेटीत टाकायची.

निकाल लागला. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ मतं आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. म्हणजे १४,५६१ मतांनी पराभव. आता तिसरा आकडा ऐका. त्या मतदारसंघात ७४,३३३ मतं बाद ठरली होती. फरकाच्या पाचपट! मतदारांना दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देऊन ती वाया घालवायला शिकवलं गेलं, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक याचिकेत गेले. ती फेटाळली गेली. बाबासाहेब त्याच वर्षी राज्यसभेवर गेले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले आणि आठ हजारांवर मतांनी पुन्हा हरले. तिथेही मतदारसंघ दोन जागांचाच होता, आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. ज्या माणसानं देशाला संविधान लिहून दिलं, त्याला लोकसभेत एक जागा मिळाली नाही.

आता कल्पना करा, नायगाव, वरळी, शिवडीच्या चाळींत त्या रात्री काय असेल. आमच्या यादीच्या हिशेबानं तिथे महिनाभर रडगाणी वाजायला हवी होती.

आम्ही शोधायला लागलो. जुन्या जलशांची पुस्तकं पाहिली, दादरला मिळणाऱ्या कॅसेटी आणि नंतरच्या सीड्या ऐकल्या, म्हाताऱ्या गायकांशी बोललो. आम्ही जे ऐकलं त्यात महाडचं चवदार तळं आहे, संविधान आहे, नागपूरची दीक्षा आहे, रमाई आहे, शिक्षणाचा आग्रह आहे. १९५२च्या पराभवाचं गाणं आमच्या कानावर एकही आलं नाही. आकडे अभ्यासकांच्या पुस्तकांत राहिले. गाण्यांनी त्यांना दारातच थांबवलं.

असं का झालं असेल? आमचं उत्तर असं, की ही गाणी निवडणुकीपासून सुरूच झाली नव्हती.

जलसा निवडणुकीपेक्षा जुना. सत्यशोधक चळवळीनं तमाशाचा घाट घेतला आणि त्यातून आपलं म्हणणं गावोगाव नेलं. पुढे नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा केला. त्यांनी नंतर 'आंबेडकरी जलसे' या विषयावर पुस्तकच लिहिलं. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असं बाबासाहेब म्हणत, ही आठवण आजही सांगितली जाते. त्याच नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म १९२२चा. मुंबईत गिरणीत राबताना मोठेपणी अक्षरं शिकले, १९४३ साली पहिलं गाणं लिहिलं आणि २००४ साली जाईपर्यंत लिहीत-गात राहिले. एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी किती निवडणुका पाहिल्या असतील, मोजा. गाणं एकाही निकालावर थांबलं नाही.

कारण या गाण्यांचं पंचांगच वेगळं होतं. निवडणूक पाच वर्षांनी येते. जलसा १४ एप्रिलला येतो, ६ डिसेंबरला येतो, लग्नात येतो, बारशाला येतो. निकालानं गाण्याला सुट्टी दिली नाही, कारण निकालानं त्याला कामावर घेतलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि आमची यादी नेमकी इथेच फसली होती. तमाशाचा क्रम तुम्हाला माहीत आहे. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. गण म्हणजे वंदन: आपण कोणाचे, कुठून आलो. बतावणी म्हणजे दोघांची चेष्टामस्करी. वग म्हणजे सविस्तर गोष्ट. चळवळीतल्या लोकांनी हा घाट घेतला आणि आतला माल बदलला. अण्णा भाऊ साठ्यांच्या लोकनाट्यात गणामध्ये देवाच्या जागी मायभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आलं, गवळण गळाली. हसवणं मात्र ठेवलं. आधी आपण कोण ते सांगायचं, मग हसायचं, आणि समोरचा सैल होऊन बसला की अवघड गोष्ट काढायची. भजनी मंडळातसुद्धा कुणी बसल्या बसल्या भैरवी म्हणत नाही. रूपाचा अभंग आधी, भैरवी शेवटी. आम्ही मात्र पंचवीस भैरव्या ओळीनं लावल्या होत्या! (हशा)

मग दुःखाला जागाच नाही का? आहे, आणि त्यासाठी तिसरं उदाहरण घेतो.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. सरकारनं बंदी घालण्याइतकं ते जोरात चाललं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हेच आवाज मैदानं भरवत होते. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्या काळातली. गावाकडून मुंबईला पोट भरायला आलेला माणूस मागे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो, आणि ऐकता ऐकता कळतं, की मागे राहिलेली ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. सगळं मिळालं नाही याचं हे गाणं आहे. पण त्याची चाल ऐका. छक्कड आहे ती, ढोलकीवरची. रडू येतं आणि पाय हलतो, दोन्ही एकदमच होतं.

१९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होतं. पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध उभे असलेले एका मांडवात आले. नाशिकमधून फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड लोकसभेवर निवडून गेले. १ मे १९६० रोजी राज्य झालं. आणि लगेच १९६२ साली विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसनं जिंकल्या. ज्या समितीनं राज्य आणलं, ती राज्यातल्या पहिल्याच निवडणुकीत भुईसपाट झाली. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघंही १९६९ साली गेले. मैना आजही म्हटली जाते. त्या निवडणुकीत कोण आमदार झालं ते विचारा, आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

आता कॅसेटकडे येऊ. १९८०च्या आसपास टू-इन-वन घरोघर आले आणि कॅसेट स्वस्त झाली. रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात ज्यांना कुणी उभं केलं नसतं, त्यांचे आवाज बाजारात आले. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यात होता तसाच भीमगीतातही होता. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे ढीग लागायला लागले. पुढे सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह. आणि कॅसेटनं आणखी एक सोय केली. कोपऱ्यावरच्या दुकानात कोरी कॅसेट आणि कागदावर लिहिलेली यादी दिली की दुकानदार गाणी भरून द्यायचा. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. म्हणजे सहा-सात गाणी, मग उठून बाजू पालटायची. वेळेला हद्द होती, म्हणून निवड करावी लागे. पहिलं कोणतं, बाजू संपताना कोणतं, याचा विचार व्हायचा. जलशाच्या सरदारानं फडावर जे केलं, ते आता माणूस घरात बसून करायला लागला. 'मिक्स' हा शब्द नवा आहे, क्रम लावण्याची अक्कल जुनी आहे.

तर आम्ही यादी पुन्हा केली. स्वतःला साठ मिनिटांची अट घातली. पहिलं गाणं आमच्या भागातल्या जुन्या कामगार शाहिराचं, म्हणजे गण. दुसरं आणि तिसरं हसवणारी, त्यातलं एक चक्क उमेदवारांचीच टिंगल करणारं. दुःखाचं एकच, पहिली बाजू संपताना. तिथे बाजू पालटायला कुणाला तरी उठावं लागतं, आणि त्या उठण्यात घसा खाकरून होतो. दुसऱ्या बाजूला कामाची गाणी, आणि शेवटी असं एक, जे सगळ्यांना तोंडपाठ आहे. ऐकत बसायचं नाही, म्हणायचं.

आमच्यातल्याच एकाचा याला आक्षेप होता, आणि तो रास्त आहे. गाण्यांनी राग निवतो, मग चुका शोधायच्या कुणी? १९५२कडे पुन्हा पाहिलं की याचं उत्तर मिळतं. तिथे याचिका गेली, बाद मतं मोजली गेली, हिशेब मागितला गेला. गाणं याचिकेच्या जागी आलं नाही. हरलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकत्र बसू शकतील, एवढंच काम त्यानं केलं. आणि एकत्र बसल्याशिवाय हिशेब तरी कोण करणार? आमच्या पहिल्या शनिवारी हिशेब झाला नव्हता. फक्त एकमेकांकडे बोटं दाखवून झाली होती.

नवी यादी लावली त्या संध्याकाळी न आलेल्या तिघांना आम्ही निरोप धाडला. एकजण आला. पर्स उचलून गेलेली मुलगीही आली, आणि शेवटचं गाणं झाल्यावर तिनंच मतदारयादी काढली. आमच्या दोन इमारतींतली नावं यादीतून गळाली आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. नंतर ती नावं पुन्हा घालून घेतली. पुढची निवडणूक आम्ही पुन्हा हरलो. (हशा) पण त्या दोन इमारतींतल्या माणसांनी मत दिलं.

दुसरे दोघे अजून आलेले नाहीत. त्यांच्यापैकी कुणी हे ऐकत असेल तर शनिवारची वेळ तीच आहे, सहा वाजता.

आता प्रश्न घेऊ.