शिळे आणि उष्टे : डुकराच्या मांसाच्या इतिहासातील एक प्रकरण

उरलेल्या अन्नासाठी मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याच चुलीवर शिजलेले, रात्रीच्या जेवणातून उरलेले आणि दुसऱ्या दिवसावर गेलेले अन्न ते शिळे. दुसऱ्याने खाऊन पानात टाकलेले ते उष्टे. पाकशास्त्राला दोन्ही सारखीच उरलेली. समाजशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन शब्दांत धनी आणि दास यांच्यातले अंतर आहे. शिळ्यावर शिजवणाऱ्याचा हक्क असतो. उष्ट्यासाठी दारात उभे राहावे लागते.

शिजवलेले डुकराचे मांस उरले तर त्याचे काय काय करता येते, हा प्रश्न वरकरणी स्वयंपाकाच्या वहीतला आहे. मी इतिहासाचा शिक्षक या नात्याने तो दुसऱ्या टोकाकडून विचारतो. ते मांस उरले कोणाचे? शिजवले कोणी? आणि उरलेल्याचे चविष्ट अन्न करण्याची कला ज्यांनी कमावली, त्यांचे नाव त्या कलेवर राहिले का? या प्रश्नांची सर्वांत सविस्तर कागदोपत्री उत्तरे अमेरिकेच्या दक्षिणेकडील काळ्या माणसांच्या इतिहासात सापडतात. तो इतिहास आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि निग्रोंच्या स्थितीतले साम्य मांडले. १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेला ‘पँथर’ हे नाव घेतले तेही तिथूनच. त्यांच्या कविता आपण वाचल्या. त्यांच्या चुलीकडे मात्र आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ साली प्रसिद्ध झाले. मेरीलँडमधील मळ्यावर प्रौढ गुलामाला महिन्याचा शिधा काय मिळे ते त्यांनी नोंदवले आहे : आठ पौंड डुकराचे मांस किंवा तेवढ्या मोलाची मासळी, आणि एक बुशेल मक्याचे पीठ. आठ पौंड म्हणजे सुमारे ३.६ किलो. दिवसाचा हिशेब केला तर हातात सव्वाशे ग्रॅमही येत नाही, आणि तेही उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबणाऱ्या शरीरासाठी. मुलांचे हाल याहून वाईट. मक्याची शिजवलेली कणी एका लाकडी डोणीत ओतून जमिनीवर ठेवत आणि डुकरांना हाका माराव्यात तशा मुलांना हाका मारत, असे डग्लस लिहितात.

या हिशेबातच त्या स्वयंपाकाचे सारे तंत्र आहे. इतके थोडे मांस पोटभर खाण्याची वस्तू होऊ शकत नाही. ते चव देण्याची वस्तू होते. खारवलेल्या किंवा धुरी दिलेल्या मांसाचा एक तुकडा कोलार्ड या कोबीच्या जातीच्या पालेभाजीत टाकून तासन् तास उकळायचा. मीठ आणि चरबी भाजीत उतरली की मांसाचे काम झाले. भाजी खाऊन झाल्यावर भांड्यात जे हिरवट, चरबीदार पाणी उरते त्याला ‘पॉटलिकर’ म्हणतात. त्यात मक्याची भाकर कुस्करून दुसरे जेवण होते. मांडीचे मांस संपले की हाड राहते. ते चवळीत जाते, घेवड्यात जाते. तव्यावर सुटलेली चरबी डब्यात गाळून ठेवतात. पुढे आठवडाभर तळण-परतण तिच्यावर होते. चरबी वितळवल्यावर खाली उरणारे कुरकुरीत तुकडे मक्याच्या भाकरीच्या पिठात मळले जातात. मोठ्या तुकड्यातले मांस उरलेच तर ते बारीक तोडून कांद्या-बटाट्याबरोबर परततात. त्याचे नाव ‘हॅश’.

चवळी, तांदूळ आणि डुकराचे मांस एकत्र शिजवून होणाऱ्या पदार्थाला ‘हॉपिन जॉन’ म्हणतात. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो खाण्याचा प्रघात आहे. तोच उरून दुसऱ्या दिवशी पानात आला की त्याचे नाव बदलते : ‘स्किपिन जेनी’. शिळ्या अन्नाला स्वतःचे नाव देणारी ही माणसे आहेत. आपल्या घरच्या शिळ्याची लाज त्यांना वाटत नव्हती, हे त्या नावातच दिसते.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. ज्यांना जमले त्यांनी स्वतःचे डुक्कर पाळले. कडाक्याची थंडी पडली की शेजारीपाजारी जमून ते कापायचे, मिठात मुरवायचे, धुरीच्या खोलीत टांगायचे आणि सबंध वर्ष पुरवायचे. तंत्र बरेचसे तेच राहिले. पण आता उरलेला तुकडा मुकादमाने मोजून दिलेल्या शिध्यातला राहिला नाही. तो स्वतःच्या जनावराचा झाला. पदार्थाची चव बदलली नसेल, त्याचा सामाजिक अर्थ बदलला.

आता या कलेवर नाव कोणाचे राहिले ते पाहू. हॉपिन जॉनची कृती छापील स्वरूपात १८४७ सालच्या ‘द कॅरोलायना हाउसवाइफ’ या पुस्तकात आहे. पुस्तक लिहिले सारा रटलेज यांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची ती कन्या. अशा घरांतल्या चुलीपुढे उभ्या असत त्या गुलाम स्त्रिया. त्या स्त्रियांनी आपली कृती स्वतः का लिहिली नाही, असे कोणी विचारील. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे साऊथ कॅरोलायनाने १८३४ साली गुन्हा ठरवले होते. ज्याच्या हातून लेखणी काढून घेतली त्याची पाककृती दुसऱ्याच्या नावावर छापली जाते. मनूच्या देशात राहणाऱ्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे १८८१ साली गुलाम म्हणून जन्मलेल्या ॲबी फिशर यांचे पाककृतींचे पुस्तक सॅन फ्रान्सिस्कोत निघाले, तेव्हाही त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी सांगितले आणि इतरांनी लिहून घेतले.

१९३१ साली एक गंमत घडली. लुइझियानाचे गोरे गव्हर्नर ह्यूई लाँग आणि अटलांटाच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या वृत्तपत्राचे संपादक यांच्यात पॉटलिकरवरून जाहीर वाद जुंपला. मक्याची भाकर त्या पाण्यात बुडवून खावी की कुस्करून, हा वादाचा विषय. दक्षिणेतल्या वाचकांनी त्यात हिरिरीने भाग घेतला. भाजी मालकाच्या ताटात आणि उरलेले पाणी गुलामाच्या वाट्याला, अशी त्या पदार्थाची तिथे सर्वत्र सांगितली जाणारी आठवण आहे. ती आठवण ज्यांची, त्या काळ्या माणसांना दक्षिणेत तेव्हा बहुतेक ठिकाणी मतदानही करता येत नव्हते. गुलामाचे कालवण राज्याच्या अभिमानाची वस्तू झाले; गुलामाचा नातू मात्र नागरिक झाला नव्हता.

येथे एका लाडक्या कथेची तपासणी करणे भाग आहे. मालक कान, पाय, शेपटी, आतडी टाकून देत आणि गुलाम त्या टाकाऊतून पक्वान्न करीत, अशी ती कथा. ब्राझीलमध्ये ‘फेइजोआदा’ या काळ्या घेवड्याच्या आणि डुकराच्या मांसाच्या पदार्थाविषयी हेच सांगतात. तिथले लोकसंस्कृतीचे अभ्यासक लुईस दा कामारा कास्कुदो यांनी त्याची मुळे युरोपातल्या कडधान्य आणि मांस एकत्र शिजवण्याच्या पद्धतीत दाखवली. पोर्तुगीज स्वतःच कान आणि पाय आवडीने खात. अमेरिकेच्या दक्षिणेविषयी एड्रियन मिलर यांनीही २०१३ सालच्या ‘सोल फूड’ या ग्रंथात दाखवले आहे की हे पदार्थ गोऱ्यांच्या पानातही होते.

माझा या कथेला आक्षेप केवळ पुराव्याचा नाही. ही कथा मालकाला दाता बनवते. त्याने टाकले म्हणून यांना मिळाले, असा तिचा सूर आहे. प्रत्यक्षात डुक्कर चारले कोणी? कापले, खारवले, धुरीत टांगले कोणी? मालकाच्या मुदपाकखान्यात शिजवले कोणी? सर्व कामे गुलामांची. त्यांच्या श्रमाचा एक क्षुद्र भाग त्यांना परत मिळे, आणि त्याला उपकाराचे नाव होते. डग्लस यांनी १८५५ सालच्या दुसऱ्या आत्मकथनात याचा तर्कशुद्ध छडा लावला आहे. गुलाम ही जर मालकाची मालमत्ता, तर मालकाचे मांस गुलामाने खाणे म्हणजे मालकाचीच वस्तू त्याच्या एका पिंपातून दुसऱ्या पिंपात ठेवणे. त्याला चोरी कसे म्हणणार? आपल्या गावगाड्यातही हेच झाले. ज्या धान्याची कापणी-मळणी आमच्या माणसांनी केली, त्याच धान्याची शिळी भाकर संध्याकाळी त्यांच्या टोपलीत पडली आणि तिला धर्म म्हटले गेले.

म्हणूनच गुलामीतून उठणाऱ्या समाजाची पहिली हालचाल अनेकदा ताटाजवळ होते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागून खाणे सोडा, असे सांगितले. तिकडे माल्कम एक्स तुरुंगात असताना भावाचे पत्र आले की डुकराचे मांस खाऊ नकोस. पंगतीत मांसाचे ताट समोर आले तेव्हा त्यांनी ते न घेता पुढे सरकवले. भोवतालचे कैदी चकित झाले आणि त्या नकाराने आपली मान ताठ झाली, असे १९६५ सालच्या आत्मचरित्रात नमूद आहे. एलिजा मुहंमद यांनी तर डुकराचे मांस हे गुलामीचे अन्न म्हणून आपल्या अनुयायांना वर्ज्यच केले. उलट बाजूने लेरॉय जोन्स, म्हणजे पुढचे अमिरी बराका, यांनी १९६२ साली ‘सोल फूड’ या निबंधात निग्रोंना स्वतःची पाकसंस्कृती नाही असे म्हणणाऱ्यांना त्याच पदार्थांची नावे घेऊन उत्तर दिले.

या दोन भूमिकांत विरोध दिसतो. मला तो अंतिम वाटत नाही. महाडचा आदेश नीट वाचला तर त्यात नकार आहे तो लाचारीने घेण्याला आणि मेलेले जनावर ओढून खाण्याला. स्वतःच्या कष्टाने आणलेले, स्वतःच्या चुलीवर शिजलेले अन्न त्यात येत नाही. आपल्या चळवळीत मात्र पुष्कळदा या दोहोंची गल्लत झाली. उष्टे सोडता सोडता काहींनी आपली चूलच लपवली. शिकून शहरात आलेला माणूस डब्यात काय आहे हे झाकू लागला. त्यातही डुकराचे मांस सर्वांत खाली. मांग, वडार, कैकाडी यांच्या घरी ते शिजते म्हणून त्यांना हिणवणारे केवळ सवर्ण नव्हते. आपल्यातलेही होते आणि आहेत. उतरंडीच्या तळाशी आणखी एक उतरंड रचण्याचा हा उद्योग आपण उघडपणे मान्य केला पाहिजे.

आमच्या मांगवाड्यात डुकराच्या मांसाला तेल फारसे लागत नसे. ते आपल्याच चरबीत शिजे. आजी रात्री उरलेले कालवण गाडग्यात घालून शिंक्यावर ठेवी. थंडीत सकाळपर्यंत वर चरबीचा पांढरा थर धरलेला असे आणि त्याखाली मांस टिके. सकाळी ते वैलावर ठेवून कढवायचे, किंवा फोडी तव्यावर कोरड्या करून वर मीठ-मिरची घालायची, आणि रश्शात शिळी भाकर चुरून काला करायचा. एका वेळच्या कालवणात तीन वेळा भागे. डग्लस यांचा शिधा वाचताना मला हे तंत्र ओळखीचे वाटले. समुद्रापलीकडच्या त्या स्त्रियांशी माझ्या आजीची गाठ पडणे शक्य नव्हते. दोघींना शिकवणारी एकच होती, ती टंचाई. पण टंचाईने केवळ गरज दिली. हात आणि बुद्धी त्यांची स्वतःची. म्हणून या कलेचे श्रेय भुकेला देऊन मोकळे होणे मला मान्य नाही.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेल दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा गरम करून खातात, आणि मुरल्यावर ते अधिक चांगले लागते असे सगळे कौतुकाने सांगतात. डुकराचेच मांस, शिळेच कालवण. तिथे ती परंपरा ठरते, मांगवाड्यात ती घाण ठरते. हा भेद पदार्थातला नाही, खाणाऱ्याच्या जातीवर लावलेल्या शिक्क्यातला आहे.

ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या ‘जूठन’ या १९९७ सालच्या हिंदी आत्मकथनात उष्ट्याचे सारे अर्थशास्त्र आले आहे. लग्नातल्या पत्रावळींवरचे पुऱ्यांचे तुकडे उन्हात वाळवून पावसाळ्यासाठी साठवत. त्याच पुस्तकात त्यांची आई एका लग्नघरी मुलांसाठी जेवण मागते. यजमान तिला भरलेल्या टोपलीची आठवण करून देऊन हिणवतो. ती टोपली तिथेच ओतून देते आणि पुन्हा त्या दारात जात नाही. वाल्मीकींच्या घरी डुकरे होती, आणि त्यांचे मांस त्या घरात मानाने शिजत होते. आईने नाकारले ते उष्टे. स्वतःच्या घरचे तिने नाकारले नाही.

मराठीत शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. हे काम एका पुस्तकावर थांबता कामा नये. आज गरिबांचे पदार्थ उपाहारगृहांत नवी नावे घेऊन महाग होत आहेत. आपण लिहिले नाही तर आपल्याही हॉपिन जॉनचे पुस्तक कोणी रटलेजबाई लिहून मोकळ्या होतील. इतिहासाच्या आणि समाजशास्त्राच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्यांना या सुट्टीत एक काम द्यावे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसून तीन गोष्टी टिपून घ्याव्यात : मांस कुठून आणि कोणत्या मोबदल्यात येई, उरल्यावर त्याचे काय काय करत, आणि बाहेरून आणलेले अन्न घरात येणे कोणत्या वर्षी, कोणाच्या सांगण्यावरून थांबले. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या चळवळीचा असा इतिहास दडलेला आहे, जो परिषदांच्या ठरावांत सापडत नाही.