मोटारीच्या तळाचे उष्णता व ध्वनिरोधन (दिल्ली परिसर)

मोटारीचे कार्पेट उचलून तळाच्या उघड्या पत्र्यावर कंपनशामक, उष्णतारोधक आणि ध्वनिरोधक थर बसवण्याचे काम. बाजारात याला सरसकट ‘डॅम्पिंग’ म्हणतात. दिल्लीत करोल बाग हा मोटारींच्या अ‍ॅक्सेसरीजचा, तर काश्मिरी गेट हा सुट्या भागांचा जुना बाजार आहे.

गरज : सफदरजंग वेधशाळेत 29 मे 1944 रोजी 47.2° से., तर मुंगेशपूर येथे 15 मे 2022 रोजी 49.2° से. तापमान नोंदले गेले. तापलेला डांबरी रस्ता आणि मोटारीखालून जाणारी सायलेन्सरची नळी यांची धग पत्र्यावाटे पायांपर्यंत पोहोचते. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालाने काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केल्यानंतर उष्णता रोखण्याच्या इतर उपायांचे महत्त्व वाढले. ग्रेटर नोएडा ते आग्रा हा 165 किमी. लांबीचा यमुना द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. अशा पृष्ठभागावर टायरची घरघर अधिक जाणवते.

कार्यतत्त्व : प्रत्येक थराचे काम वेगळे असते आणि एकाची उणीव दुसरा भरून काढत नाही. पहिला थर ब्यूटाइल रबराचा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेला. तळाचा पत्रा थरथरला की रबर ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा अत्यल्प उष्णतेत बदलते. बोटाने ठोकल्यावर ‘टण्ण’ वाजणारा पत्रा हा थर लावल्यावर ‘थड’ असा दबका आवाज देतो. सपाट, थरथरणाऱ्या भागाचा पाव ते अर्धा हिस्सा झाकला तरी बराच परिणाम मिळतो. डांबरी शीट स्वस्त असते, पण उन्हाळ्यात ती मऊ पडते व तिचा वास येतो.

ब्यूटाइल शीटने उष्णता फारशी अडत नाही. चकचकीत पृष्ठभाग पुढे हवेची पोकळी असेल तरच उष्णता परावर्तित करतो. कार्पेटखाली दबल्यावर तो गुण उरत नाही. उष्णतेसाठी बंद पेशींच्या फोमचा दुसरा थर लागतो. पोलादाची उष्णतावाहकता सुमारे 50 वॅट प्रति मीटर-केल्विन, तर अशा फोमची 0.04 च्या आसपास असते. टायर-रस्त्याचा आवाज अडवण्यासाठी तिसरा, जड व्हिनाइलचा थर घालतात. वस्तुमान दुप्पट केल्यास सिद्धांतानुसार आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो. मात्र थरात फटी राहिल्यास हा लाभ झपाट्याने कमी होतो.

कृती : बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे. कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर बहुधा एअरबॅगचे असतात. त्यानंतर सीट, दारांच्या उंबऱ्यावरील पट्ट्या आणि कार्पेट काढतात. पत्र्यावरचा गंज, तेल व धूळ साफ करून तो पूर्ण कोरडा करतात. शीट चिकटवून तिच्यावर लोखंडी रोलर इतका फिरवतात की अ‍ॅल्युमिनियमवरची उठावदार नक्षी सपाट होते. नक्षी शिल्लक असेल तिथे शीट नीट बसलेली नसते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ब्यूटाइल कडक होते, म्हणून हीटगनने ते ऊबदार करून लावतात. सीटचे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कनेच घट्ट करावेत.

दक्षता : काही मोटारींत चासी क्रमांक सीटजवळच्या पत्र्यावर कोरलेला असतो; तपासणीसाठी तो उघडा राहिला पाहिजे. तळातील रबरी बुचे, बोल्टची छिद्रे आणि मधल्या बोगद्यावरील एअरबॅगचा नियंत्रक झाकू नये. विद्युत व हायब्रिड वाहनांतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. त्यांना हात लावू नये. आतील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे. विकत घेताना त्यानुसार चाचणी झालेला फोम मागावा.

सर्वांत मोठा धोका पाण्याचा. दिल्लीत पावसाळ्यात मिंटो पुलाखालच्या रस्त्यासारख्या सखल जागी पाणी तुंबते. ते आत शिरल्यास नमदा व उघड्या पेशींचा फोम ओल धरून ठेवतात आणि पत्रा आतून गंजतो. बंद पेशींचा फोम पाणी शोषत नाही. पण त्याच्याखाली पाणी साचू शकते. त्यामुळे पहिल्या मोठ्या पावसानंतर कार्पेटचा कोपरा उचलून ओल तपासावी, आणि पाणी शिरले असल्यास कार्पेट व फोम बाहेर काढून वाळवावेत.