एका टेलिफोनपासून मीटिंगपर्यंत

संध्याकाळी शाळेच्या एखाद्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात काही माणसं जमतात. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि आपली हकिकत मांडतो. कुणी मध्ये बोलत नाही, कुणी उपदेश करत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, म्हणजे ‘एए’ची मीटिंग जगभर साधारण अशीच चालते. हे नियम कुणी टेबलाशी बसून आखलेले नाहीत. ते ठेचा खात सापडलेले आहेत.

पहिली ठेच जुनी आहे. 1840 साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी एका दारूच्या गुत्त्यातच दारू सोडण्याची शपथ घेतली. ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची ही चळवळ झपाट्यानं पसरली. दर आठवड्याला सभा होत आणि पिणारे स्वतःच आपली कहाणी सांगत. पण चळवळ दारूबंदीच्या राजकारणात आणि इतर वादांत ओढली गेली. थोड्याच वर्षांत ती विरली.

पुढचा धागा न्यूयॉर्कमध्ये सापडतो. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस दारूपायी पार उद्ध्वस्त झाला होता. डिसेंबर 1934 मध्ये टाउन्स हॉस्पिटलमध्ये त्याची दारू सुटली. तिथले डॉ. सिल्कवर्थ दारूच्या व्यसनाला आजार मानत. त्या काळी लोक त्याला चारित्र्याचा दोष समजत. बिल बाहेर पडला आणि दिसेल त्या दारुड्याला उपदेश करू लागला. एकाचीही सुटली नाही. पत्नी लोइसनं मात्र एक गोष्ट दाखवून दिली: या खटपटीत तो स्वतः प्यायला नव्हता.

मे 1935 मध्ये बिल व्यवसायाच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रनला गेला. काम फसलं. मेफ्लॉवर हॉटेलात तो एकटा उरला. लॉबीच्या एका टोकाला बार होता, दुसऱ्या टोकाला चर्चची यादी आणि टेलिफोन. आपल्याला दुसऱ्या दारुड्याशी बोललंच पाहिजे, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो फोनकडे वळला. एका पाद्र्यामार्फत तो हेन्रिएटा सायबरलिंग यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी 12 मे रोजी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली. डॉ. बॉब पंधरा मिनिटं बसायच्या बोलीवर आले होते; ते सहा तासांहून जास्त बसले.

असं काय घडलं? बिल त्यांना सुधारायला आला नव्हता. न पिता राहण्यासाठी त्यालाच त्यांची गरज होती. त्यानं उपदेश बाजूला ठेवून स्वतःची कहाणी सांगितली. मीटिंगचं सारं मूळ इथे आहे: ऐकणाऱ्याइतकाच सांगणाराही तरतो.

डॉ. बॉब एकदा घसरले, पण 10 जूनला त्यांनी शेवटचा घोट घेतला. एए आपला स्थापना दिवस तोच मानते. लवकरच दोघं अ‍ॅक्रनच्या इस्पितळात एका रुग्णाच्या खाटेशी जाऊन बसले आणि तिसरा सभासद मिळाला. सुरुवातीच्या बैठका घरांतून, ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या धार्मिक गटाच्या आसऱ्यानं होत. पुढे हे लोक वेगळे झाले. 1939 मध्ये दारूमुक्तीच्या बारा पायऱ्या मांडणारं एएचं पुस्तक आलं. नास्तिक सभासदांच्या आग्रहामुळे त्या पायऱ्यांतला ‘ईश्वर’ ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडला गेला.

1950 मध्ये एएनं स्वीकारलेल्या बारा परंपरांत, म्हणजे गटांच्या नियमांत, या अनुभवाचं सार आहे. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी नाही, राजकीय किंवा इतर वादांत मत नाही. वॉशिंग्टोनियनांना जे साधलं नव्हतं, ते इथे नियमानं राखलं गेलं.

भारतात एए 1957 च्या सुमारास दिल्ली-मुंबईत रुजली. आज महाराष्ट्रात मराठीतून मीटिंगा होतात आणि ‘फक्त आजचा दिवस’ दारू टाळायची, हे एएचं सूत्र मराठी घरांतही पोहोचलं आहे. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी उपचाराची वाट दाखवली. पण केंद्रातला मुक्काम काही आठवड्यांचा असतो आणि पुढचं आयुष्य लांबलचक. त्या आयुष्यात मीटिंग हाताशी लागते. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्यासाठी इतर प्रस्थापित उपचारांइतकेच किंवा त्यांहून अधिक उपयोगी ठरतात.

रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम बंद करणं धोक्याचं असतं. फिट येऊ शकते. म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. मग जवळची मीटिंग शोधा. संकोच वाटला तर कुणालाही बसता येईल अशा ओपन मीटिंगला जा आणि नुसतं ऐका. बोलण्याची सक्ती नसते. पहिला गट रुचला नाही तर दुसऱ्या गटात जाऊन पाहा. घरच्यांसाठी 1951 मध्ये सुरू झालेली अल्-अनॉन आहे. पिणारा तयार नसला, तरी तुम्ही तिथे जाऊ शकता. पुढच्या घोटाआधी एक फोन करा. ही सारी परंपरा तशाच एका फोनवर उभी आहे.