ताम्रपटातला राजा आणि गोष्टीतला राजा

सध्या चीनच्या प्राचीन राजांबद्दल वाचते आहे. त्यात एक गंमत सापडली. शांग घराण्याच्या राजांची यादी सिमा च्येन नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवली, ती ते घराणं बुडाल्यावर हजारएक वर्षांनी. अर्थातच पुढे अनेक विद्वान म्हणाले, या सगळ्या दंतकथा! मग १८९९ मध्ये औषधात उगाळल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवर अक्षरं दिसली, आणि त्या हाडांवर यादीतलेच राजे बहुतेक ओळीने निघाले. त्याआधीचा, महापूर आवरणारा यू राजा मात्र अजून गोष्टीतच आहे.

हे वाचताना सारखं आपलं डहाणू आठवत होतं. आपल्याकडे नेमकं उलटं झालंय.

आपल्या गोष्टीतला राजा म्हणजे जादी राणा. डहाणू-बोर्डीकडे वाढलेल्या कुणालाही दुधात साखरेची गोष्ट सांगावी लागत नाही. इराणहून आलेले पारशी संजाणला उतरले, राजाने काठोकाठ भरलेलं दूध पाठवलं, त्यांनी साखर घालून परत केलं. (संजाण आज गुजरातेत, पण तलासरीहून अगदी जवळ. राज्याची सीमा हा प्रकार फार नवा आहे हो!) मजा अशी की १५९९ च्या ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात ही साखर नाहीच. तिथे राजा अटी घालतो: धर्म समजावून सांगा, इथली भाषा बोला, बायकांनी इथला वेष घ्यावा, शस्त्रं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. साखर नंतर सांगणाऱ्यांनी घातली. आणि हे काव्यसुद्धा घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं. जादी राणा म्हणजे शिलाहारांपैकी कुणीतरी, असं काही अभ्यासक म्हणतात. पण त्या नावाचा एकही ताम्रपट नाही.

ताम्रपट आहेत ते दुसऱ्याच माणसाचे, आणि सापडले कुठे, तर आपल्या डहाणू तालुक्यातल्या चिंचणीत! दिनेशचंद्र सरकारांनी ते १९५० च्या दशकात वाचून प्रसिद्ध केले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या काळात ‘संयान मंडला’वर, म्हणजे संजाणच्या मुलखावर, एक ‘ताजिक’ अधिकारी राज्य करत होता. ताजिक म्हणजे अरब. नाव मधुमती. हे मुहंमदचं संस्कृत रूप. त्याला सुगतिप असंही म्हणत. मुलूख त्याला आधीच्या कृष्ण राजाने दिलेला.

या मधुमतीने काय केलं? दोन नद्यांवर लोकांसाठी होड्या सुरू केल्या. अन्नछत्र घातलं, त्यात भात, तोंडीलावणं आणि तूप फुकट. (तुपाची नोंद ताम्रपटात करावीशी वाटली, हे मला फार आवडलं.) आणि ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला राजाच्या संमतीने गाव आणि जमीन दिली. मुसलमान अधिकारी, संस्कृत दानपत्र, देवीचा मठ, सगळं एका तांब्याच्या पत्र्यावर. पुढे शके ९५६ च्या शिलाहारकालीन पटात त्याच संजाणातल्या मठाला तेलाचा घाणा दिल्याचं आहे, आणि गावातल्या प्रमुखांत अल्लिय आणि मधुमत अशी नावं आहेत. म्हणजे हे एका माणसापुरतं नव्हतं. त्या काळचे अरब प्रवासी जगातले चार मोठे राजे मोजायचे: बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि ‘बल्हरा’, म्हणजे आपला राष्ट्रकूट. संजाणच्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे निघाले, त्याचं मग नवल वाटत नाही.

पण मधुमतीची गोष्ट मी लहानपणी कुणाकडूनही ऐकली नाही. आजीकडून नाही, शाळेत नाही. मला वाटतं, कारण अगदी साधं आहे. जादी राणाला आठवणीत ठेवणारी माणसं होती, त्यांच्या घरात दर पिढीला तो सांगितला गेला. मधुमतीच्या होडीतून नदी ओलांडणाऱ्यांनी आणि छत्रात जेवणाऱ्यांनी कशाला नाव लक्षात ठेवायचं?

आता तिसरा राजा. जव्हारच्या मुकण्यांचं राज्य कोळी जयाबाने मिळवलं, त्याची कथा अशी की त्याने बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली, ‘घे’ म्हटल्यावर कातड्याची बारीक वादी कापली आणि भलामोठा मुलूख वेढला. (कार्थेजच्या डायडो राणीचीही हीच युक्ती! कातडी कापणारे राजे जगभर दिसतात.) जयाबाचा मुलगा नेमशहा, त्याला दिल्लीच्या सुलतानाने १३४३ मध्ये मान्यता दिली, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. इथे गोष्टही आहे आणि कागदही.

पण ‘घे’ म्हणणारा कोण होता? जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याला नुसता वारली नायक म्हटलंय. जमीन त्याची, शब्द त्याचा, फसला तोच, आणि नाव तेवढं नाही. ना पत्र्यावर, ना गोष्टीत. तलासरीकडच्या कुणी आपल्या आजा-आजीकडून त्याचं नाव ऐकलं असेल तर मला जरूर सांगा. तिथल्या पाड्यांवर ते कुणीतरी अजून सांगत असेल, असं मला आपलं वाटतं.